आईचा तानपुरा मिरजेत जवारीला दिला होता, त्याचा अनुभव

आईचा तानपुरा आठ-नऊ वर्षं गवसणीत पडून होता. तारा बदलून बघितल्या तरी आवाज नुसता टण्ण टण्ण, आस (छेडल्यावर लांबत राहणारा नाद) नाही की गुंजन नाही. आमच्या इथल्या एका वाद्यवाल्याला दाखवला तर त्याने हातही न लावता सांगितलं, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) गेली, आता इलेक्ट्रॉनिक घ्या. ते मला फार लागलं. शेवटी सुट्टी बघून गाडीत घातला आणि थेट मिरज, सतारमेकर गल्ली, जवारी करून घ्यायला, म्हणजे घोडी घासून तारेचा गुंजणारा आवाज परत आणायला.

तिथल्या एका वाद्य बनवणाऱ्या चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, एकदा छेडला, मग घोडी उजेडाकडे तिरकी धरून मला म्हणाले, "ताई, घोडी कुठं गेलीय, चरे पडलेत नुसते." तारा सैल करून बाजूला घेतल्या तर खरंच, हाडाच्या पट्टीवर चार बारीक खाचा, वर्षानुवर्षं तार घासून पडलेल्या. नवीन घोडी सहज गळ्यात मारता आली असती, मला काय कळणार होतं, पण नाही. कानशीचे दोन-चार हलके हात, फुंकर, तार परत जागेवर, खाली दोरा, कान लावून ऐकायचं, परत तार बाजूला. असं एकेका तारेला किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडूनच दिलं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते त्यामुळे हे बघताना माझ्या डोक्यात सारखा लॅबमधला सोनोमीटर, म्हणजे ताणलेल्या तारेच्या कंपनांचे प्रयोग करायची पेटी. त्याची तार बरोबर मधोमध छेडली की दुसरा, चौथा, सहावा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट, सहापट कंपनांचे सूर) येत नाही, कारण त्यांचा नोड, म्हणजे तार न हलणारा बिंदू, नेमका तिथेच असतो, हे आपण सगळेच शिकलोय. तानपुऱ्यावर मात्र हा नियम चालत नाही, जे हार्मोनिक गायब असायला हवेत तेही ठणठणीत ऐकू येतात, आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच मांडलेलं आहे. सगळी करामत घोडीची. सोनोमीटरची घोडी धारदार, तार एकाच बिंदूवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती, दोऱ्यामुळे तार तिच्यावरून केसभर उचललेली, मग थरथरताना ती क्षणाक्षणाला कमी-जास्त टेकत राहते आणि खालच्या हार्मोनिकमधली ऊर्जा वरच्यांना मिळत जाते. म्हणूनच तो आवाज छेडल्यानंतर उमलत जातो. खाच पडली की हे टेकणं बिघडतं आणि तार मुकी होते. म्हणजे चाचा जे कानशीने घासत होते ते मिलिमीटरचाही छोटासा भाग असेल, पण सगळा तानपुरा त्यातच होता.

माझी पट्टी, म्हणजे माझा सा, पेटीवरची काळी चार, म्हणजे खर्ज साधारण १०४ हर्ट्झ. चाचांनी नखाने दोरा जरासा पुढे सरकवला आणि एकदम गंधार उमटला, अगदी स्वच्छ, आणि चारपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते बरं का, तो खर्जाचा पाचवा हार्मोनिक, ५१९ हर्ट्झच्या आसपास. पेटीवर तोच गंधार म्हणजे पांढरी एक, ती ५२३ ला. हा चारचा फरक कानाला कळतो, पेटी आणि तानपुरा एकत्र लावले की गंधारावर आवाज सेकंदाला चारेकदा हेलकावतो. वर्गात बीट्स शिकवताना आता ट्यूनिंग फोर्कऐवजी हेच ऐकवणार आहे.

मोबाईलवरच्या अ‍ॅपवर मी रोज रियाज करते, सोयीचं आहे, पण एवढ्याशा स्पीकरमधून १०४ हर्ट्झ धड बाहेर पडतच नाही, वरच्या हार्मोनिकवरून आपला कानच तो खर्ज भरून घेतो. इथे भोपळा मांडीला टेकलेला असतो आणि खर्ज हाडात जाणवतो, त्याची सर नाही.

तक्रार एकच, वेळेची. अकराला बोलावलं आणि काम सुरू झालं दोनला, फोनही पटकन उचलत नाहीत, लांबून येणाऱ्यांनी पूर्ण दिवस हातात ठेवूनच यावं. पैसे जवारी, नव्या तारा आणि एक सरकणारी खुंटी बसवून दिली ते धरून दोन हजारांच्या आत. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते चांगलंच झालं, पण चाचांशेजारी काम शिकायला बसलेला मला एकच मुलगा दिसला, तेव्हा ज्यांच्या घरी असा मुका तानपुरा पडलाय त्यांनी तो विकू नका, टाकून तर अजिबात देऊ नका, इथे आणा.

आणताना तारा थोड्या उतरवून आणा, आणि निघताना जवारीचा दोरा थोडा जास्तीचा मागून घ्या. माझा पंचमाचा दुसऱ्याच आठवड्यात तुटला, चाचांनी दाखवलं होतं तसा नवा घातला, नखाने सरकवत सरकवत वीसेक मिनिटांत जागा सापडली.