नुमास्टॅट आणि नुमा_मॅप्स: दोन प्रोसेसरच्या मशीनवर रॅम कुठे बसली ते दाखवणारी फुकटची साधनं

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला कास्टिंगचं (ओतकामाचं) सिम्युलेशन चालवणाऱ्या ऑफिसात दोन प्रोसेसरचं सेकंडहँड वर्कस्टेशन आलं की पहिली तक्रार ठरलेली: कोअर दुप्पट झाले, पण वेळ निम्मा होत नाही. टॉप या कमांडमध्ये सगळे कोअर शंभर टक्के दिसतात, रॅम भरपूर मोकळी दिसते, आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. लिनक्सवर खरं कारण शोधायला एक पैसा लागत नाही. नुमासीटीएल हे छोटं पॅकेज बसवलं की सोबत नुमास्टॅट आणि मायग्रेटपेजेसही येतात.

अशा मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे रॅम स्लॉट असतात. त्या जोडीला नोड म्हणतात, आणि अशा रचनेला नुमा. शेजारच्या नोडवरची रॅम वाचता येते, पण उशिराने. 'नुमासीटीएल --हार्डवेअर' दिल्यावर प्रत्येक नोडची एकूण व मोकळी रॅम आणि खाली अंतरांचा तक्ता येतो. स्वतःच्या नोडला १०, शेजारच्याला बहुधा २० किंवा २१. हे आकडे फर्मवेअरमधून येतात, मोजलेले नसतात. त्यामुळे २१ म्हणजे वेळ दुपटीहून जास्तच लागतो असं धरू नका. याच ठिकाणी सेकंडहँड मशीनचा एक दोष लगेच पकडला जातो: विकणाऱ्याने सगळ्या रॅमपट्ट्या एकाच प्रोसेसरच्या बाजूला लावल्या असतील तर दुसऱ्या नोडची रॅम शून्य दिसते. दोन प्रोसेसर असून नोड एकच दिसला तर बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग (दोन्ही बाजूंची रॅम मिसळून एकच नोड दाखवणारी सोय) चालू आहे का ते बघा.

रोजच्या कामाला 'नुमास्टॅट -पी ४३१२' पुरतं. ४३१२ हा प्रोसेसचा नंबर. त्याऐवजी प्रोग्रामचं नावही चालतं. ह्यूज, हीप, स्टॅक आणि प्रायव्हेट अशा ओळी, प्रत्येक नोडला एक रकाना, आकडे एमबीत. प्रायव्हेटमध्ये नोड ० ला ३८,००० आणि नोड १ ला जेमतेम ४०० दिसले, की दुखणं सापडलं. प्रोग्रामने रॅम मागितली तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त पत्ते देतो. खरं पान (रॅमचा छोटा तुकडा), त्यावर जो थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) पहिल्यांदा लिहितो, तो चालत असलेल्या नोडवर बसतं. मेशची (कास्टिंगचा आकार तुकड्यांत विभागणाऱ्या जाळीची) फाइल एकाच थ्रेडने वाचली, अ‍ॅरे त्यानेच शून्य केले, की सगळा डेटा एका बाजूला गोळा. मग दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे थ्रेड प्रत्येक वाचनाला पलीकडे जातात.

उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. 'नुमासीटीएल --इंटरलीव्ह=ऑल' लावून सॉल्व्हर (सिम्युलेशनचं गणित सोडवणारा प्रोग्राम) सुरू केला तर पानं आलटून-पालटून दोन्हीकडे बसतात. रायझरचे (साच्यात जादा धातू पुरवणाऱ्या भागाचे) दोन पर्याय तपासायचे असतील तर आमच्या मते याहून चांगली वाट आहे: एक जॉब '--सीपीयूनोडबाइंड=० --मेमबाइंड=०' लावून, दुसरा १ लावून, दोन्ही एकाच वेळी. एक लक्षात ठेवा, मेमबाइंड (रॅम त्याच नोडची घेण्याची सक्ती) कडक असतं. त्या नोडची रॅम संपली की शेजारी कितीही मोकळी असो, कर्नल जॉब मारून टाकू शकतो. जॉबचा आकार नक्की माहीत नसेल तर '--प्रिफर्ड' (आधी सांगितलेला नोड, तो भरला की दुसरा) वापरा.

काहीही न लावता नुसतं 'नुमास्टॅट' दिलं तर नुमा_हिट, नुमा_मिस असे आकडे येतात. ते मशीन सुरू झाल्यापासूनचे, सगळ्या प्रोसेसचे मिळून असतात. त्यावरून एका जॉबचं निदान करू नये. बरेच जण नेमकं तेच करतात.

कारणाच्या मुळाशी जायचं तर '/प्रोक/४३१२/नुमा_मॅप्स' ही फाइल उघडा. पत्त्यानंतर ओळ अशी असते: 'डिफॉल्ट अनॉन=५२४२८८ डर्टी=५२४२८८ एन०=५२४२८८ कर्नलपेजसाइझ_केबी=४'. म्हणजे धोरण नेहमीचं, ५,२४,२८८ पानं गुणिले ४ केबी, बरोबर २ जीबी, आणि सगळी नोड ० वर. शेवटचा आकडा वाचल्याशिवाय बेरीज करू नका. राखीव ह्यूज पेजच्या (मोठ्या पानांच्या) ओळीत तिथे २०४८ असतं, आणि एक पान म्हणजे २ एमबी.

आता उणिवा. ही फाइल वाचताना कर्नल प्रोसेसचा पूर्ण पेज टेबल (कुठलं पान कुठे आहे त्याची यादी) चाळतो. मोठ्या जॉबवर ते जड जातं, म्हणून दर सेकंदाला वाचू नका. अर्ध्या मिनिटाला एकदा पुरे. दुसऱ्या युजरची प्रोसेस रूटशिवाय दिसत नाही. आपोआप बॅलन्सिंग चालू असेल तर कर्नल पानं हलवत राहतो आणि दोन वाचनांत फरक पडतो. मोठी उणीव ही की रॅम कुठे आहे ते कळतं, पण कुठल्या नोडचे थ्रेड ती वापरतात ते कळत नाही. मायग्रेटपेजेसही पानं एका नोडवरून दुसऱ्यावर हलवतं, दोन्हीकडे वाटून देत नाही.

पेजमॅप या '/प्रोक' मधल्याच दुसऱ्या फाइलमधून पानांचे प्रत्यक्ष पत्ते साध्या युजरला मिळत नाहीत, ही मात्र उणीव नव्हे. २०१५ साली रोहॅमरचा (रॅमची एक ओळ सतत वाचून शेजारच्या ओळीतले बिट उलटवणारा) हल्ला प्रत्यक्ष करून दाखवल्यावर कर्नलने ते बंद केले, आणि ते योग्यच झालं. कामासाठी नोडचा नंबर पुरेसा आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर सीपीयूचा आलेख नोडप्रमाणे दाखवतो, पण प्रोसेसची रॅम कोणत्या नोडवर आहे ते सांगत नाही.

एका सॉकेटच्या (एकाच प्रोसेसरच्या) साध्या डेस्कटॉपवर नोड एकच, तिथे हे पॅकेज बसवून उपयोग नाही. दोन सॉकेटचं मशीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, प्रोसेसरची माहिती देणाऱ्या 'एलएससीपीयू' कमांडमध्ये नोड दोन दिसतात का बघा, आणि झाकण उघडून रॅमपट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, ते मोजून घ्या.