लग्नाचा वाढदिवस: लॉनवर की घरी?

एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे राज्यात लग्नाला 25 माणसं आणि 2 तास एवढीच परवानगी होती. आमचं लग्न त्याच नियमात, नागपुरातल्या घराच्या हॉलमध्ये लागलं. आता वाढदिवसाला दोन बेत समोर आहेत.

पहिला लॉनचा. तेव्हा राहून गेलेले सगळे येतील. मामेसासरे अजून म्हणतात, "आम्हाले तर अक्षता टाकायले भेटल्याच नाही." त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि लॉनच्या बाजूने तेच सगळ्यात मोठं कारण. पण एप्रिलअखेर पारा 42-43 च्या पुढे जातो, रात्री नऊलाही लॉनवर गरम वाफा येतात. शिवाय स्टेजवर उभं राहून फोटो काढण्यातच संध्याकाळ जाते; कोणाशी धड बोलणं होत नाही.

दुसरा घरचा. कूलर लावायचा, सतरंज्या अंथरायच्या, लग्नाला होती तीच माणसं बोलवायची. गोळाभात म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात, त्यावर हिंग-मोहरीची फोडणी दिलेलं गरम तेल, आणि आमरसासोबत सरगुंडे. सरगुंडे म्हणजे कणकेच्या पोकळ नळ्या; त्या काडीवर वळायला वेळ लागतो, म्हणून आत्या नि काकू आदल्या दिवशीच येतात. मला तर तीच दुपार जास्त हवी आहे. त्या दिवशी मास्क लावून मंगलाष्टकं म्हणणारा काका, दारातूनच हात जोडून परतलेले शेजारी, हे सगळं त्या गप्पांतच निघतं.

माझं मत घरालाच. मात्र मामेसासऱ्यांना पहिलं आमंत्रण, आणि अक्षतांची वाटी त्यांच्याच हाती द्यायची.