म्युझियममधले प्रयोग आपल्या वर्गात : एक्सप्लोरेटोरियमचे सायन्स स्नॅक्स

सहावी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांना सांगते, एक्सप्लोरेटोरियमच्या साईटवरचा सायन्स स्नॅक्स हा भाग बघाच. फुकट आहे आणि मी शाळेत सतत वापरते.

एक्सप्लोरेटोरियम हे सॅन फ्रान्सिस्कोमधलं विज्ञान म्युझियम. १९६९ ला फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं, म्हणजे अणुबाँबवाल्या रॉबर्ट ओपेनहायमरचे धाकटे भाऊ, स्वतः फिजिसिस्ट आणि मधली काही वर्षं कोलोरॅडोत हायस्कूलच्या मुलांना शिकवायचे. तिथली मॉडेल्स हात लावून, हलवून बघायची असतात. त्याच मॉडेल्सची वर्गात बनवता येतील अशी छोटी रूपं शाळेच्या शिक्षकांनी म्युझियमबरोबर बसून तयार केली, तेच हे स्नॅक्स. हे शिक्षकांचं काम आहे हे वाचताना लगेच कळतं, कारण सामान कुठलं, जोडायचं कसं, कुठे अडकतं हे सगळं दिलेलं असतं.

मला सगळ्यात आवडते ती मांडणी. आधी सामान, मग जोडणी, मग "करा आणि बघा" आणि त्याच्यानंतर "असं का होतं". आपल्याकडे निष्कर्ष आधी फळ्यावर येतो आणि प्रयोग नंतर, तोही झाला तर, मग मुलं बघणार काय?

मोटरचंच घ्या. दहावीला आकृती पाठ होते, डाव्या हाताचा नियम पाठ होतो, पण कॉम्युटेटर (मोटरमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला करंटची दिशा उलटवणारा भाग) कशाला लागतो ते विचारलं की वर्ग गप्प. इथली मोटर म्हणजे सेल, दोन पेपरक्लिप, चुंबक आणि इनॅमलची तांब्याची तार (मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, थोडी लागते म्हटलं तर तुकडा असाच देतात). तारेची गोल गुंडाळी म्हणजे कॉइल करायची, दोन्ही टोकं खरवडायची आणि एका टोकाची फक्त एक बाजू परमनंट मार्करने काळी करायची, बस्स. त्यामुळे अर्धा फेरा करंट तुटतो, कॉइल मागे ओढली जात नाही आणि मिळालेल्या वेगावर पुढे निघून जाते. माझा सल्ला, मार्कर लावायच्या आधीच एकदा चालवायला सांगा, कॉइल नुसती थरथरते आणि अडते, मग मार्कर द्या. आता कॉम्युटेटर कशाला हे मुलंच तुम्हाला सांगतील.

दुसरा माझा लाडका कोल्ड मेटल. लोखंड, लाकूड, थर्माकोल एकाच खोलीत ठेवायचे, हात लावायचा, लोखंड गार लागतं, थर्मामीटरने मोजलं तर तिन्ही सारखेच. पण हे सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड हवेसाठी लिहिलंय, आपल्याकडे एप्रिलमध्ये करून बघा. हाताची कातडी साधारण ३३ अंशाला असते, खोली ३८ ला गेली की तेच लोखंड थर्माकोलपेक्षा गरम लागतं! म्हणून जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा असं दोनदा घ्याच, उष्णता कुठून कुठे जाते हे इतकं सरळ दुसरीकडे कुठे दिसणार.

आता कमतरता. मराठी नाही, त्यामुळे आपल्या माध्यमाच्या मुलाच्या हातात थेट लिंक देऊन उपयोग नाही, शिक्षकाने आधी वाचायलाच हवं. काही सामान अमेरिकन दुकानातलं, ड्राय आइसवाले प्रयोग तर तालुक्याच्या गावात सोडूनच द्या. आणि उत्तर त्याच पानावर खाली असतं, म्हणून मी "करा आणि बघा" एवढाच भाग मराठीत वहीत उतरवून देते.

मराठीसाठी सोबत टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची साईट ठेवा, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलंय. त्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, मोटर तिथेही आहे, सेफ्टी पिन आणि सायकल ट्यूबच्या रबरावर बनवलेली, सामान आपल्या घरातलं. बनवायला शिकावं गुप्तांकडून, पण वर्गात कुठला प्रश्न कधी विचारायचा ते स्नॅक्समध्ये जास्त नीट मिळतं, त्यामुळे मी दोन्ही एकत्रच वापरते.

सुरुवात करणार असाल तर ब्लाइंड स्पॉटपासून (डोळ्यातली जिथे दिसत नाही ती जागा) करा, कागदावर एक फुली आणि एक ठिपका एवढंच लागतं, पुढच्याच तासाला होऊन जाईल.