कोंबड्यांच्या गोचिडांवर ‘वर्षभराची हमी’ देणाऱ्यांविषयी

गावरान कोंबड्यांच्या खुराड्यातील गोचीड एका फवारणीत समूळ नाहीसे करतो आणि वर्षभराची लेखी हमी देतो, असे सांगत एक इसम आमच्या माण तालुक्यात वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलने फिरतो. आमच्याकडून त्याने साडेचार हजार रुपये नेले, पाच अंड्यावरच्या कोंबड्या मेल्या आणि गोचीड होते तिथेच राहिले. रक्कम कुणाला किरकोळ वाटेल. परंतु हा मनुष्य औषधापेक्षा किडीच्या सवयींचा आधार घेऊन फसवतो, आणि त्या सवयी ठाऊक नसलेल्या कुणालाही त्याचे काम पहिले काही आठवडे चोख वाटते. म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

ही कीड आमच्याकडे आली ती बहुधा जुन्या लाकडातून. मोडीत निघालेल्या एका पोल्ट्री शेडच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या, त्यांचे खुराडे केले आणि पुढच्या उन्हाळ्यात कोंबड्या दिवेलागणीला आत शिरेनाशा झाल्या. हाकलून आत घातल्या तरी रात्रभर फडफडत. तुरे पांढुरके पडले, अंडी घटली, दोन तलंगांचे पाय लुळे पडले. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर टोचलेली असल्यामुळे त्या रोगाची शंका मागे पडली. शेवटी कोंबड्या रात्री बसतात ती दांडी जिथे फळीत बसवली होती तो सांधा पटाशीने उचकटला, तेव्हा आत तुरीच्या दाण्याएवढे, चपटे, राखाडी-निळसर गोचीड एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. एक चिरडला, तर काळपट रक्त निघाले.

जनावरांच्या अंगावर दिवसेंदिवस डसून राहणारा गोचीड आपल्या परिचयाचा असतो. कोंबड्यांचा हा गोचीड निराळा. मोठे झालेले गोचीड दिवसभर फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन अर्धा-पाऊण तास रक्त पितात आणि पुन्हा फटीत जातात. एकदा पोट भरले की साधारण महिनाभर त्यांना कोंबडीची गरज पडत नाही, आणि उपाशी राहायची वेळ आलीच तर ते वर्षाहून अधिक काळ जिवंत राहतात. कोंबडीच्या अंगावर दिवसाही सापडतात ती फक्त त्यांची बारीक पिल्ले, तीही बहुतेक पंखांखाली, काळसर ठिपक्यांसारखी.

आता त्या इसमाचे प्रात्यक्षिक पाहा. खाद्याच्या दुकानात लावलेल्या चिठ्ठीवरून त्याला बोलावले होते. त्याने आधी फटीतले गोचीड खरवडून एका डबीत घेतले आणि आम्हा सर्वांना दाखवले. मग पाठीवरच्या पंपाने खुराड्यात वरवर फवारणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात कोंबडी उताणी धरून छाती आणि मांड्यांची पिसे फुंकरीने उडवून दाखवत तो म्हणाला, “काकी, बघा, एक तरी दिसतोय का? आता वर्षभर विसरा.” दिसणार कसा? भर दिवसा मोठा गोचीड अंगावर नसतोच, औषध मारा अथवा साधे पाणी मारा. पंख मात्र त्याने एकदाही उचलला नाही, आणि हे अनवधानाने झाले असे मला वाटत नाही. पुढे महिनाभर रात्रीही फारसा उपद्रव जाणवला नाही, कारण बहुतेकांची पोटे भरलेली होती. तेवढ्या अवधीत त्याने हमीपत्राचे म्हणून उरलेले पैसे वसूल केले.

उपद्रव पुन्हा सुरू झाला तेव्हा, बाहेरून नवीन पक्षी आणल्यामुळे हमी लागू होत नाही, असे सांगून त्याने ‘जहाल डोस’ म्हणून वेगळे पैसे लावले. नवीन पक्षी आम्ही आणलेलेच नव्हते. या वेळी त्याने औषध थेट कोंबड्यांच्या अंगावर मारले, अंडी त्याच संध्याकाळी खाल्ली तरी चालतील असेही सांगितले, आणि उरलेले दुधट द्रावण पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून ठेवून गेला. दुपारपर्यंत कोंबड्यांच्या चोचीतून लाळ गळू लागली, माना थरथरू लागल्या, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी लक्षणे पाहून आणि बाटली दुरूनच हुंगून हे पिकावर मारायचे कीटकनाशक असावे असे सांगितले आणि ॲट्रोपिनची, म्हणजे अशा विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शने दिली. काही कोंबड्या त्यामुळे वाचल्या. अंडी आम्ही पुरून टाकली.

1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार विकल्या जाणाऱ्या औषधाच्या लेबलावर नोंदणी क्रमांक, विषबाधेवरील उताऱ्याची माहिती आणि विषारीपणा दर्शवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असावाच लागतो. पैसे घेऊन कीडनियंत्रणाची फवारणी करणाऱ्यालाही परवाना लागतो. औषध सुट्या बाटलीतून आले, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. तसेच, काम झाले की नाही हे सकाळी कधीच तपासू नये. रात्री उशिरा विजेरी घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि कोंबड्यांचे पाय पाहावेत, आणि दिवसा पाहायचेच असेल तर पंख उचलून पाहावे.

आमच्याकडे शेवटी गुण आला तो पशुवैद्यकांच्या सल्ल्याने. खुराडे रिकामे केले, सांधे उचकटले, प्रत्येक फट गॅसच्या बर्नरने जाळून काढली, वरून दाट चुना मारला, त्यांनी लिहून दिलेले डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लेबलावरच्या प्रमाणात भिंती-फळ्यांना मारले आणि सांगितलेल्या अंतराने पुन्हा मारले. लाकडी दांड्या काढून लोखंडी पाइप बसवले. हे कष्टाचे काम आहे आणि त्यावरही कुणी डॉक्टर वर्षाची हमी देत नाही.

तक्रारीची स्थिती अशी आहे. बाटली पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे दिली असून पोलिसांत अर्ज केला आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर चौकशी केली तेव्हा समोरच्याचे नाव-पत्ता विचारला गेला, आणि इथेच घोडे अडले, कारण हमीपत्रावर शिक्का होता तरी त्यावरच्या पत्त्यावर त्या नावाचे कुणीच नाही. पहिले पैसे त्याने रोख मागून घेतले होते. ‘जहाल डोस’चे मात्र मुलीने फोनवरून पाठवले, आणि त्या नोंदीत खातेदाराचे जे नाव उमटले ते हमीपत्रावरच्या नावाहून वेगळे आहे. पोलिसांचा तपास आता त्या नावावरून चालू आहे.