डोक्याला मार लागलेल्यांसाठी साताऱ्यातला एक अपघात विभाग: तपासणी चोख, वॉर्डात ढिलाई

हायवेलगतचं हे खासगी रुग्णालय. खाली तक्रारी आहेत म्हणून नाव देत नाही.

पहिली तपासणी खरोखर चांगली होते. आधी श्वास आणि बीपी सांभाळतात, कारण वरचं बीपी ९० च्या खाली गेलं किंवा ऑक्सिजन घसरला की जखमी मेंदूचं नुकसान वाढतं. केसपेपरवर नुसतं ‘जीसीएस ९’ (शुद्धी किती आहे त्याचा स्कोअर) न लिहिता ‘ई२ व्ही२ एम५’ असं सुटं लिहितात: ई म्हणजे डोळे उघडणं, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल. बेरीज तीच राहून हातापायांची हालचाल बिघडलेली असू शकते, आणि ऑपरेशन ठरवताना एमचा आकडा फार मोलाचा. झोपेचं इंजेक्शन किंवा नळी घालण्याआधीच स्कोअर आणि डोळ्यांच्या बाहुल्या नोंदवतात. नंतर मोजलं तर पेशंट औषधाने गुंगलाय की डोक्यातला दाब वाढलाय, ते कळत नाही. डोळा सुजून बंद असला तरी पापणी उचलून टॉर्च मारतात.

सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तोंडाला दारूचा वास आला तरी ‘उतरली की उठेल’ म्हणून कुणाला बाजूला ठेवत नाहीत. सीटी होतोच.

पण सीटीच्या रात्रीच्या रिपोर्टवर आमचा राग आहे. ‘एपिड्युरल (कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठलेलं रक्त) आहे, थोडा शिफ्ट (मेंदूची मधली रेषा बाजूला सरकणं) आहे’ एवढ्यावर सर्जनने काय ठरवायचं? रक्ताच्या गाठीची लांबी, रुंदी, उंची सेंमीत मोजून गुणायची आणि निम्मी करायची. ६ × ४ × ३ ची गाठ म्हणजे ३६ मिली. एपिड्युरल ३० मिलीच्या वर असेल तर पेशंट बोलत असला तरी ऑपरेशन. सबड्युरलची (आवरणाच्या खाली साठलेल्या रक्ताची) जाडी १० मिमीच्या वर किंवा मधली रेषा ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेली, तरीही तेच. हे आकडे रिपोर्टवर हवेतच.

दुसरी तक्रार वॉर्डाची. लहान गाठ ‘बघू’ म्हणून ठेवलेल्या पेशंटचा जीसीएस सुरुवातीला अर्ध्या तासाने, मग तासाने बघायला हवा. इथे वॉर्डात हलवलं की नोंदी विरळ होतात. एपिड्युरलचा पेशंट आधी छान बोलतो आणि मग झपाट्याने बुडतो, म्हणून हेच तास धोक्याचे. स्कोअर २ ने उतरला किंवा एक बाहुली मोठी झाली की लगेच पुन्हा सीटी, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

नातेवाइकांनी रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. कराडला किंवा पुण्याला हलवायची वेळ आली तर सीटीची सीडी मागून घ्या. मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून शिफ्ट नीट मोजता येत नाही.