फिजिओथेरपीतलं ‘रिसर्च मास्टर्स’ म्हणून मला साधी एमएससी विकली

बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालेल्या आणि ब्रिटनला जायचं ठरवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. लग्न झालेल्यांनी तर नक्की वाचावं, कारण माझ्या एजंटाने नेमकी तीच अडचण हेरली होती.

१ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या, म्हणजे वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएससीला गेलं तर नवऱ्याला किंवा बायकोला डिपेंडंट व्हिसावर नेता येत नाही. संशोधनावर आधारलेल्या पदव्युत्तर पदवीला ती मुभा अजून आहे. कन्सल्टन्सीतल्या माणसाने मला सांगितलं, “मॅडम, तुम्हाला रिसर्च मास्टर्सच देतो. मिस्टर सोबत येतील आणि पास झालात की थेट तिथलं रजिस्ट्रेशन.” यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

माझा विषय ठरलेला होता: ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची कंबरदुखी. असे पेशंट मी रोज तपासते, म्हणून त्यावर नीट काम करायचं होतं. त्याने ‘प्रपोजल लिहून देण्याचे’ पैसे घेतले आणि पुढे ‘गाईड अलॉटमेंट’चे वेगळे. आपल्याकडे एमपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला, आधी सीईटी आणि प्रवेश, मग कॉलेज गाईड देतं. त्यामुळे गाईड नंतर मिळेल हे ऐकून कुणालाच खटकत नाही, आणि अशा लोकांचं फावतं ते इथेच. तिकडे संशोधनाच्या पदवीचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी त्या विषयातला प्राध्यापक शोधायचा, त्याला स्वतः ईमेल करायचा, तो तयार झाला की अर्ज. तुमच्याशी एकदाही न बोललेला सुपरवायझर कुणी पैसे घेऊन मिळवून देत असेल, तर तिथेच थांबा.

प्रपोजल हातात आलं तेव्हा त्यात ऊसतोड कामगार नव्हत्याच. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांच्या मानदुखीवरचा कुठून तरी उचललेला मजकूर होता, वर माझं नाव. फार संताप आला. त्या बायकांचं दुखणं कुणाला तरी इतकं बिनमहत्त्वाचं वाटलं होतं.

मग ऑफर लेटर आलं. एकूण १८० क्रेडिट्स, त्यातले प्रबंधाचे ६०. विचारल्यावर उत्तर मिळालं, “डिझर्टेशन आहे ना, मग रिसर्चच झालं.” नाही झालं. व्हिसाच्या नियमात संशोधनाचा भाग शिकवण्याच्या भागापेक्षा मोठा असावा लागतो. इथे १२० क्रेडिट्स वर्गातले होते. मी थेट विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: हा टॉट, म्हणजे वर्गात शिकवला जाणारा कोर्स आहे, याला प्रपोजल लागत नाही आणि गाईडसाठी आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही.

रजिस्ट्रेशनची थाप तर त्याहून घातक. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंदणी लागते. परदेशी अर्जदाराचं मूळ शिक्षण, म्हणजे आपलं बीपीटीएच, आणि अनुभव ते तपासतात. त्यानंतर केलेल्या संशोधनाच्या पदवीने नोंदणी आपोआप मिळत नाही. तिथल्या ज्या कोर्सेसमधून नोंदणीचा मार्ग खुला होतो, त्यांची यादी एचसीपीसीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. एजंटाला विचारायची गरजच नाही.

व्हिसाचा अर्ज मी केला नाही. कन्सल्टन्सीने पैसे परत द्यायला नकार दिला. पावतीवर फक्त ‘सर्व्हिस चार्जेस’ लिहिलेलं आहे, पण ‘गाईड अलॉटमेंट’चे मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत आणि त्यांच्याच आधारावर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. तुमच्याकडून असे पैसे घेतले असतील तर चॅट पुसू नका. पावत्या, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.