सासऱ्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं: वर्षभरात काय पाहिलं

बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, गिळताना ठसका लागू लागला. वृद्धाश्रम शोधायला निघालो तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी ‘स्वतःचं स्वतः करता येत असेल तरच’ घेतात. शेवटी पुण्यात एका ट्रस्टच्या शुश्रूषा केंद्रात खाट मिळाली. पुढे तक्रारी आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी पैसे, कारण सगळे तेच विचारतात. ट्रस्टचं आहे म्हणजे स्वस्त असेल, हे डोक्यातून काढा. महिन्याच्या शुल्कात खाट, जेवण, मावशी-मामांची सेवा आणि डॉक्टरांची फेरी येते. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात न्यायचं झालं तर सोबतच्या माणसाचे पैसे, हे सगळं वेगळं. घरी ब्युरोच्या बायका होत्या तेव्हाही जवळपास तेवढेच जायचे. पण मावशी आल्या नाहीत म्हणून ऑफिसला दांडी, हे आता बंद झालं. शुल्क म्हणजे देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर आयकरात सवलत मिळवून देणारी पावतीही मिळत नाही.

दिवसपाळी उत्तम. पहाटे चहा, मग अंग पुसणं, डायपर, दाढी. जेवण भरवण्यात तर ह्या बायकांचा हात धरणारं कोणी नाही. खाट सरळ करून बसवतात, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करत नाहीत. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे दवाखान्यात एकदा घाईघाईत सांगितलं होतं. रोज करून दाखवलं ते ह्या मावशींनी. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून देतात. बाबांची एकादशी सुटलेली नाही, पण साबुदाण्याची खिचडी घशात अडकते म्हणून त्यांना पातळसर भगर आणि दाण्याची आमटी मिळते. हे आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. संध्याकाळी हॉलमध्ये हरिपाठ होतो. बाबांची वाचा अजून नीट आलेली नाही, तरी ‘हरि मुखे म्हणा’ला ओठ हलतात. फिजिओवाल्या मॅडमना त्याचं भारी कौतुक.

एक गंमत मात्र अशाच संस्थांत बघायला मिळते. वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वाढदिवस असला की देणगीदार येतात आणि गोडाचं जेवण देतात. एकाच आठवड्यात श्रीखंड, गुलाबजाम, जिलबी! निम्म्या खाटांवर मधुमेही, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर साखरेचे आकडे बघत कपाळाला हात लावतात. त्या बिचाऱ्या आता देणगीदारांना सांगतात, ‘गोड नको, मोठ्या मापाचे डायपर द्या.’ फार थोडे ऐकतात. डायपरसोबत फोटो कोण काढणार?

आता रात्र. बाबा आले तेव्हाच माकडहाडावर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होता. हवेची गादी होती, तरी दर दोन तासांनी कूस बदलायलाच लागते, आणि त्याचा तक्ता खाटेला लावलेला असतो. जखम भरता भरता पुन्हा ओली दिसू लागली, म्हणून मी तक्ता नीट पाहिला. रात्री १२, २, ४ च्या सह्या एकाच शाईत, एका दमात ओढलेल्या. अख्ख्या मजल्याला रात्री एकच मावशी. तिला एकटीला इतक्या जणांच्या कुशी बदलणं शक्यच नव्हतं. मेट्रनना तक्ता दाखवला. त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केलं आणि रात्रीला एक मामा वाढवला. आता जखम कोरडी आहे. पण रविवारी आणि दिवाळीच्या दिवसांत माणसं अजूनही कमीच असतात. तेव्हा आमच्यातलं कोणीतरी संध्याकाळी जातंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही जागा मी नक्की सुचवेन. स्मृतिभ्रंश असलेल्या, पण पायांनी धडधाकट माणसासाठी नाही: फाटकावर वॉचमन असतो, पण तोच पार्सल घ्यायला आत-बाहेर करतो. आणि कुठलंही केंद्र बघायला जाल तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच फिनेलचा वास आणि नीट घातलेल्या चादरी असतात. रात्रीचं जेवण उरकल्यावर जा, ड्युटीवर किती जण आहेत ते मोजा आणि कुशी बदलल्याचा तक्ता मागा.